मांडीवरचे बाळ, विमान आणि कार सीट: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

उन्हाळ्याच्या किंवा डिसेंबरच्या सुट्ट्या जवळ आल्या, की अमेरिकेतून भारतात येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: दोन वर्षांखालच्या बाळाला विमानात वेगळी सीट घ्यावी लागत नाही, म्हणजे मांडीवरचा प्रवास सुरक्षितच असतो, हादरे बसलेच तर आईवडील बाळाला घट्ट धरू शकतात, शिवाय विमानात बाळासाठी छोटा पट्टा आणि बॅसिनेट, म्हणजे छोटा पाळणा, मिळतो, कार सीट (मोटारीत बाळाला बांधून बसवण्याची खास खुर्ची) विमानात वापरू देत नाहीत, ती सामानात टाकली तर फुकट जाते, आणि भारतात तिचा काही उपयोग नाही, तेव्हा ती न नेलेलीच बरी. यातील बहुतेक विधानांत सत्याचा थोडा अंश आहे. त्यामुळेच ती लोकांना पटतात, आणि त्यामुळेच त्यांना एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

पहिले विधान परवानगीचे आहे. अमेरिकेची हवाई वाहतूक नियामक संस्था एफएए दोन वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसाच्या मांडीवर बसू देते, हे खरे आहे. मात्र हीच संस्था पालकांना आग्रहाने सांगते, की विमानात मुलासाठी सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे मान्यताप्राप्त कार सीट, आईवडिलांची मांडी नव्हे. मग तिने कार सीटची सक्ती का केली नाही? अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, १९९० मध्येच तशी शिफारस केली होती आणि पुढे अनेकदा तिचा पुनरुच्चार केला. २००५ मध्ये एफएएने सक्ती न करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा दिलेले कारण असे होते: बाळाचे तिकीट घ्यावे लागले तर काही कुटुंबे विमानाऐवजी मोटारीने जातील, रस्त्यावरचा धोका विमानापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि त्यामुळे एकूण मृत्यू वाढतील. २००३ मध्ये अमेरिकेतील एका बालरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा होता. सक्तीमुळे अमेरिकेत वर्षाला सरासरी ०.४ बालमृत्यू टळतील, परंतु शंभरातील पाच ते दहाहून अधिक कुटुंबे मोटारीकडे वळली तर हा लाभ उलटा फिरेल, असा तो अंदाज होता.

हा युक्तिवाद मला हिशेब म्हणून मान्य आहे, आणि त्यातून निघणारी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे: मांडीवर बाळ घेऊन केलेल्या प्रवासात त्या बाळाला इजा होण्याची शक्यता फारच थोडी असते, आणि ज्यांना वेगळे तिकीट परवडत नाही त्यांनी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. मात्र नियामकाने एका देशाच्या सर्व कुटुंबांचा मिळून केलेला हिशेब हा ‘मांडी सुरक्षित आहे’ याचा दाखला होत नाही. तो फक्त एवढेच सांगतो, की सक्तीचा दुष्परिणाम सक्तीच्या फायद्याहून मोठा ठरू शकतो. त्यातही न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून मुंबईला येणाऱ्या कुटुंबापुढे मोटारीने येण्याचा पर्यायच नसतो. ज्या कारणासाठी ही सूट टिकून राहिली, ते कारण नेमके आपल्या प्रवासाला लागू पडत नाही. उरतो तो पैशांचा प्रश्न, आणि तो खरा आहे. तरीही ‘बाळ फुकट जाते’ हे आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुधा खरे नसते, कारण मांडीवरच्या बाळालाही साधारणपणे मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के आणि वर कर द्यावे लागतात. परतीच्या तारखेआधी मूल दोन वर्षांचे पूर्ण होत असेल, तर परतीला सीट घ्यावीच लागते. हे तिकीट काढताना अनेकांच्या लक्षात येत नाही.

दुसरे विधान आईवडिलांच्या हातांविषयीचे आहे, आणि माझ्या मते या संदेशातील सर्वांत धोकादायक भाग तोच आहे. १९८८ पासून नव्या रचनेच्या प्रवासी विमानांच्या सीट गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट धक्क्याला तपासल्या जातात, कारण असा धक्का बसूनही पट्टा बांधलेला माणूस वाचू शकतो. आठ किलोचे बाळ अशा धक्क्यात क्षणभर १२८ किलोच्या ओढीने पुढे जाते. १२८ किलो वजन अचानक हातांतून निसटू न देणारे आईवडील कोणालाच लाभलेले नाहीत; येथे प्रश्न प्रेमाचा किंवा सावधपणाचा नाही, स्नायूंच्या ताकदीचा आहे.

याची साक्ष दोन अपघातांनी दिली आहे. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या २३२ क्रमांकाच्या डीसी-१० विमानाचे शेपटीतील इंजिन फुटले, त्याची सर्व हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली आणि ते आयोवा राज्यातील सू सिटीच्या धावपट्टीवर कोसळले. विमानात २९६ जण होते, त्यांपैकी ११२ मृत्युमुखी पडले. मांडीवरची चार मुले होती. आदळण्यापूर्वी मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी त्या वेळच्या नियमपुस्तिकेनुसार पालकांना सांगितले, की मुलांना ब्लँकेटांच्या आधाराने जमिनीवर ठेवा आणि धरून राहा. विमान आदळताच मुले पालकांच्या हातांतून सुटली. तिघे वाचले, एक मूल दगावले. ब्राउन यांनी नंतर प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र सीट असावी म्हणून वर्षानुवर्षे प्रयत्न केले, आणि नियमपुस्तिकेत जे लिहिले होते तेच सांगावे लागलेल्या व्यक्तीकडून हा आग्रह यावा, याला मी बरेच महत्त्व देतो. दुसरा अपघात २ जुलै १९९४ चा. शार्लट विमानतळावर उतरू पाहणारे यूएसएअरचे १०१६ क्रमांकाचे विमान वादळी वाऱ्याच्या झोतात सापडून कोसळले. त्यात ३७ जण गेले. आईच्या मांडीवरचे नऊ महिन्यांचे बाळ त्यांपैकी एक होते, आई वाचली. बाळ कार सीटमध्ये असते तर बहुधा वाचले असते, असे तपास मंडळाने नोंदवले.

असे अपघात विरळ असतात, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. टर्ब्युलन्स, म्हणजे हवेत विमानाला बसणारे हादरे, मात्र विरळ नाहीत. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानात उभ्या दिशेचा भार ०.६ सेकंदात गुरुत्वाकर्षणाच्या अधिक १.३५ पटीवरून उणे १.५ पटीवर गेला, म्हणजे ज्यांनी पट्टा बांधला नव्हता ते जागेवरून थेट छताकडे फेकले गेले. एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि विमान बँकॉकला उतरवावे लागले. त्याआधी, १ मे २०२२ रोजी, मुंबईहून दुर्गापूरला जाणाऱ्या स्पाइसजेटच्या विमानात उतरण्याच्या सुमारास बसलेल्या हादऱ्यांनी अनेक प्रवासी जखमी झाले होते. ०.६ सेकंदात जागा असलेला माणूसही हात आवळू शकत नाही. चौदा-पंधरा तासांच्या प्रवासात तर बाळाबरोबर आईवडीलही झोपलेले असतात.

छोट्या पट्ट्याची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. मोठ्या माणसाच्या पट्ट्यात ओवून बाळाच्या पोटाभोवती बांधायचा हा पट्टा भारतीय कंपन्यांच्या विमानांत केबिन क्रू आणून देतात आणि युरोपातही तो वापरला जातो. अमेरिकेने मात्र १९९६ मध्ये आपल्या कंपन्यांच्या विमानांत तो जमिनीवर चालताना, उड्डाणाच्या वेळी आणि उतरताना वापरण्यास मनाई केली. त्यामुळे मुंबई–दिल्ली प्रवासात ज्या बाळाला पट्टा बांधायला लावतात, त्याच बाळाला नेवार्क–शिकागो प्रवासात तो बांधू देत नाहीत. दोन्ही बाजूंना कारण आहे. पट्टा असला तर बाळ केबिनमध्ये फेकले जात नाही, आणि टर्ब्युलन्समध्ये हा लाभ मोठा असतो. पण विमान समोरून जोरात आदळले तर मोठ्या माणसाचे शरीर कमरेतून पुढे वाकते आणि त्या शरीराच्या व पुढच्या सीटच्या मध्ये बाळ सापडते. शिवाय सगळा ताण बाळाच्या मऊ पोटावर येतो. म्हणून जेथे पट्टा देतात तेथे तो जरूर बांधावा, परंतु त्याला कार सीटचा पर्याय समजू नये.

बॅसिनेटविषयी फार बोलण्यासारखे नाही. तो भिंतीला अडकवलेला पाळणा आहे, बाळाला आणि पालकांच्या हातांना विसावा देण्यासाठी. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी तो वापरता येत नाही, आणि पट्टे बांधण्याची सूचना लागली की बहुतेक कंपन्या बाळाला उचलून घ्यायला सांगतात. ज्या क्षणी संरक्षण हवे, नेमका त्या क्षणी तो रिकामा असतो.

‘कार सीट विमानात वापरू देत नाहीत’ हे विधान अमेरिकी कंपन्यांच्या बाबतीत सरळ चूक आहे. बाळाचे तिकीट काढलेले असेल आणि कार सीट मान्यताप्राप्त असेल, तर ती वापरण्यास कंपनी मनाई करू शकत नाही, असे तेथील नियम सांगतात. मान्यतेची खूण म्हणजे सीटवरचे लाल अक्षरांतील लेबल, ज्यावर ती सीट मोटारीत आणि विमानात दोन्हीकडे वापरण्यास प्रमाणित असल्याचे लिहिलेले असते. पाठ नसलेल्या बूस्टर सीटवर असे लेबल नसते, कारण त्यांना खांद्यावरून जाणारा पट्टा लागतो आणि विमानात तो नसतो. याच कारणाने युरोपीय मानकांनुसार बनवलेल्या काही कार सीटही विमानात बसत नाहीत. भारतात विकत मिळणाऱ्या अनेक सीट त्याच मानकांच्या असल्याने, सीट येथून नेणार असाल तर केवळ कमरेच्या पट्ट्याने ती बांधता येते का हे तिच्या पुस्तिकेत आधी पाहावे. अमेरिकेबाहेरच्या कंपन्या आपापले नियम लावतात, तेव्हा तिकीट काढतानाच सीटचे नाव आणि मापे कळवून कंपनीकडून लेखी होकार घेऊन ठेवणे शहाणपणाचे असते. विमानतळावरच्या काउंटरवर पहाटे दोन वाजता घातलेला वाद क्वचितच प्रवाशाच्या बाजूने सुटतो.

जागेचेही काही नियम आहेत. रुंदी १६ इंचांपर्यंत असेल तर कार सीट बहुतेक विमानांत बसते. ती शक्यतो खिडकीशी बांधावी, म्हणजे कोणाची बाहेर पडण्याची वाट अडत नाही. आपत्कालीन दाराच्या ओळीत किंवा तिच्या लगतच्या ओळींत ती चालत नाही. काही सीटच्या पट्ट्यांतच एअरबॅग शिवलेली असते, तेथे कार सीट बांधता येत नाही. वर्षाच्या पुढचे, १० ते २० किलो वजनाचे मूल असेल तर सीटच्या पाठीला अडकवायचा ‘केअर्स’ नावाचा हलका पट्टासंच एफएएने मान्य केलेला आहे. मात्र तो फक्त विमानासाठी आहे, मोटारीत तो काही कामाचा नाही.

कार सीट सामानात फुकट जाते, हे बहुतेक कंपन्यांबाबत खरे आहे. पण फुकट जाते ती सामानाच्या पट्ट्यांवरून आपटत, इतर बॅगांखाली दबत जाते. तिच्या आतल्या फोमला तडा गेला तर तो कापडाखाली दिसत नाही. सामानातच टाकायची असेल तर ती मूळ खोक्यात किंवा जाड गादी लावलेल्या पिशवीत टाकावी, मिळाल्यावर कापड काढून कवच आणि फोम तपासावा, आणि मोडतोड आढळली तर विमानतळ सोडण्यापूर्वी तक्रार नोंदवावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात लेखी तक्रारीची मुदत सात दिवसांची आहे. विमानाच्या दारापर्यंत नेऊन तेथे सोपवणे हा मधला मार्ग आहे, कारण त्यात हाताळणी कमी होते.

राहिले शेवटचे विधान, आणि मला सर्वांत जास्त भांडायचे आहे ते याच विधानाशी. अमेरिकेहून येणारी बरीच विमाने मुंबईत मध्यरात्रीच्या सुमारास उतरतात, आणि त्यांतील कितीतरी कुटुंबे तेथूनच टॅक्सीने पुण्याला, नाशिकला किंवा कोल्हापूरला निघतात. लांबच्या प्रवासाने थकलेले आईवडील, रात्रभर गाडी चालवणारा चालक, द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा, आणि मागच्या सीटवर मांडीवर बाळ. एफएएचा सगळा हिशेब रस्ता विमानाहून धोक्याचा आहे या गृहीतावर उभा होता; मग विमानासाठी कार सीट नको म्हणणाऱ्याने निदान या रस्त्यावरच्या तासांसाठी तरी ती आणायला हवी. कायदाही तेच सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९४ब कलमानुसार १४ वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्ट्याने किंवा बालसुरक्षा सीटने बांधलेले नसेल तर १००० रुपये दंड आहे. तो दंड कितीजणांना होतो हा वेगळा विषय झाला. रिक्षात कार सीट बसत नाही, हे मान्य. पण आजीआजोबांच्या गाडीतून गावी जाताना आणि लग्नाच्या हॉलवरून रात्री परतताना रिक्षा नसते.

अमेरिकेत बाळासाठी जी टोपलीसारखी सीट वापरतात, तिचा मोटारीत बसवायचा तळ घरी ठेवून नुसती सीट आणली तरी ती बहुतेक वेळा भारतीय मोटारीच्या पट्ट्याने बांधता येते; बांधण्याची कृती तिच्या बाजूलाच छापलेली असते आणि निघण्यापूर्वी एकदा घरच्या गाडीत करून पाहावी. टॅक्सी ठरवताना मागच्या सीटचे पट्टे चालू आहेत का, हे चालकाला फोनवरच विचारावे, कारण अनेक गाड्यांत पट्ट्याची कुलपे सीट कव्हरखाली गेलेली असतात आणि ती बाहेर काढायला विमानतळाच्या पार्किंगमध्ये वेळ मिळत नाही.