दोन अपत्यांचा कायदा आपल्याकडे आहेच, त्याने काय केलं ते आधी बघा

दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप नव्याने फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. देशात लोकसंख्येचा स्फोट झालाय. बेकारी, पाणीटंचाई, गर्दी सगळं त्याच्यामुळेच. एक समाज मुद्दाम आपली संख्या वाढवतोय. चीनने कायदा करून प्रश्न मिटवला. तेव्हा आपणही दोन मुलांचा सक्तीचा कायदा करावा आणि तिसरं मूल झालं की रेशन, नोकरी, मताचा हक्क काढून घ्यावा. हा निरोप पुढे पाठवणारी बरीच माणसं शिकलेली असतात आणि देशाच्या काळजीपोटीच तो पाठवतात. त्यामुळे त्याला हसण्यावारी न नेता एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

“लोकसंख्येचा स्फोट झालाय”

एक स्त्री आयुष्यभरात सरासरी किती मुलांना जन्म देते, यावरून जननदर काढतात. १९९२-९३च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारताचा जननदर ३.४ होता. २०१९-२१च्या पाचव्या पाहणीत तो २.० झाला. आई-वडिलांच्या पिढीची जागा मुलांच्या पिढीने जेमतेम भरून काढायची तर २.१ लागतो. म्हणजे आपण त्याच्याही खाली आलोय. सरकारच्याच नमुना नोंदणी पाहणीत २०२३ सालचा आकडा १.९ आहे. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्र १.७ वर होता, गोवा १.३ वर. ज्या उत्तर प्रदेशाकडे सगळे बोट दाखवतात, तिथे ४.८ चे २.४ झालेत, तेही तीस वर्षांच्या आत. बिहार अजून ३ च्या आसपास आहे, पण उतार तिथेही सुरू झालाय.

“मग लोकसंख्या वाढतेच आहे ती कशी?” हा प्रश्न रास्त आहे. १९९०च्या दशकात घरोघरी तीन-चार मुलं होती. त्या काळात जन्मलेल्या मुली आज आई होताहेत आणि त्यांची संख्याच प्रचंड आहे. प्रत्येकीने दोनवर थांबायचं ठरवलं तरी जन्मांची बेरीज मोठीच येणार. शिवाय माणसं पूर्वीपेक्षा जास्त जगतात. ही वाढ आधीच्या पिढीच्या आकारातून आलेली आहे, आजच्या बेजबाबदारपणातून नाही. कोणताही कायदा ती रातोरात थांबवू शकत नाही, कारण ज्यांच्यामुळे ती होते त्या मुली जन्मून मोठ्याही झाल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०६०च्या दशकात भारत १७० कोटींच्या आसपास पोचेल आणि मग आकडा खाली येऊ लागेल.

“बेकारी आणि पाणीटंचाई त्यामुळेच”

२०२३ मध्ये महाराष्ट्रात तलाठ्यांच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. चित्र भयानक आहे यात वाद नाही. पण अर्ज भरणारी ही मुलं वीस-पंचवीस, काही तीस वर्षांपूर्वी जन्मलेली आहेत. आज केलेल्या कायद्याचा परिणाम नोकरीच्या रांगेत दिसायला अजून वीस वर्षं लागतील, आणि तोवर ती रांग तशीही आखडत जाणार आहे. आजच्या तरुणाला रोजगार हवा असेल तर शेतीबाहेर काम निर्माण होतंय का, शिक्षणातून हाताला कसब मिळतंय का, हे विचारलं पाहिजे. कमावत्या वयाची माणसं जास्त आणि अवलंबून असलेली कमी, असा काळ देशाच्या आयुष्यात एकदाच येतो. तो आत्ता चालू आहे आणि आपण या मुलांना ओझं म्हणतोय, याचं मला फार वाईट वाटतं.

पाण्याचंही तेच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. २०११च्या जनगणनेत त्या शहराची लोकसंख्या चार लाखांहूनही कमी होती. मराठवाड्यातली ऊस-लागवड, भूजलाचा उपसा, गळक्या जलवाहिन्या हे विषय बाजूला सारून दोष जन्मणाऱ्या मुलांवर टाकायचा, यात सोय आहे, उत्तर नाही. आणि गर्दीचंच म्हणाल, तर दर चौरस किलोमीटरमागे माणसं भारतापेक्षा दक्षिण कोरिया आणि नेदरलँड्समध्ये जास्त आहेत.

“एक समाज मुद्दाम संख्या वाढवतोय”

पहिल्या पाहणीत मुस्लिम स्त्रियांचा जननदर ४.४ होता, हिंदू स्त्रियांचा ३.३. पाचव्या पाहणीत ते अनुक्रमे २.४ आणि १.९ झाले. दोन्ही उतरले, आणि मुस्लिमांचा जास्त वेगाने उतरला. बिहारमधल्या हिंदू स्त्रीची सरासरी मुलं केरळमधल्या मुस्लिम स्त्रीपेक्षा जास्त आहेत, एवढ्या एका गोष्टीवरून धर्माचा किती संबंध आहे ते कळावं. फरक पडतो तो शाळेने. याच पाहणीत शाळेचं तोंडही न पाहिलेल्या स्त्रियांचा जननदर २.८ आहे, तर बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांचा १.८.

“चीनने कायदा करून दाखवला”

चीनचा जननदर १९७०च्या सुमारास सहाच्या जवळ होता आणि त्या दशकाअखेर तो तीनच्या खाली आला होता. एक मुलाचं धोरण आलं ते त्यानंतर. मोठी घसरण आधीच झालेली होती. धोरणाने पुढे दिलं ते सक्तीचे गर्भपात, मुलींची घटलेली संख्या आणि लग्नाला मुली न मिळणारी पुरुषांची एक पिढी. २०१६ पासून चीनने दोन मुलांना, २०२१ मध्ये तिसऱ्यालाही परवानगी दिली. तरी २०२२ पासून तिथली लोकसंख्या घटतेच आहे. सरकारने जन्म थांबवायला सांगितलं तेव्हा यंत्रणा कामाला लागली. आता जन्म द्या म्हणून सांगितलं तर घरं ऐकत नाहीत.

“म्हणून आपणही सक्ती करा”

माझा खरा आक्षेप इथे आहे, कारण सक्ती आपण करून पाहिलीय.

आणीबाणीत, १९७६ साली, तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. पण १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगासमोर या मोहिमेतल्या १,७७४ मृत्यूंची नोंद आली. सरकार पडलं आणि एक भीती कायमची मागे राहिली. आज देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास ३८ टक्क्यांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली असते, तर पुरुष नसबंदीचा वाटा ०.३ टक्के आहे. सक्तीचा राग पुरुषांनी काढला आणि ऑपरेशन बायकांच्या अंगावर आलं. २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. त्यात किमान तेरा जणी दगावल्या. तिथे कायद्याची सक्ती नव्हती, ठरवून दिलेल्या उद्दिष्टांचं दडपण होतं. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरं बंद करायला सांगावं लागलं.

आता दोन अपत्यांची अट. महाराष्ट्रात ती आहेच, हे निरोप पाठवणाऱ्या अनेकांना माहीत नसतं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषदेचं सदस्यपद जातं. सरकारी नोकरीसाठी २००५चे छोट्या कुटुंबाचे नियम आहेत. इतर राज्यांतही अशी अट होती. माजी सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी पाच राज्यांत तिचा अभ्यास केला. पद वाचवण्यासाठी बायकोला सोडून देणं, मूल आपलं नाहीच म्हणणं, दत्तक देऊन टाकणं, गर्भलिंग तपासून मुलीचा गर्भ पाडणं, असे प्रकार त्यांना आढळले. तिसरं मूल दत्तक दिलं तरी अपात्रता टळत नाही, हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात स्पष्ट करावं लागलं. पदासाठी आपलं मूल दुसऱ्याच्या पदरात घालायची वेळ एखाद्या घरावर येते, ती या कलमामुळे.

ज्या समाजात वंशाला दिवा हवाच असतो, तिथे ‘दोनच’ म्हटलं की त्यातला एक तरी मुलगा असावा हा हट्ट पक्का होतो. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. हा सगळा दोष या अटीचा, असं मी म्हणणार नाही. सोनोग्राफीचा गैरवापर हे मोठं कारण आहे. पण ज्या दशकात मुली अशा गळत होत्या, त्याच दशकात आपण राजकीय पदावर दोन अपत्यांची अट बसवली. तिचा फटका कुणाला बसतो तेही पाहा. सरपंचपदाच्या राखीव जागेवर येणारी बाई बहुधा गरीब घरातली, लवकर लग्न झालेली असते. मूल किती आणि कधी, यात तिला विचारतं कोण? आमदार-खासदारांना मात्र ही अट नाही.

केंद्र सरकारनेच २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं, की कुटुंबनियोजनात सक्तीला आपला ठाम विरोध आहे. केरळ आणि तमिळनाडू सक्ती न करताच १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत २.१ च्या खाली गेले होते.

निरोपात जे नसतं

२०११च्या जनगणनेतच रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. माणसं मुंबई-पुण्याला गेली, घरात म्हातारी उरली. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या अंदाजानुसार २०५० पर्यंत देशातला दर पाचवा माणूस साठीच्या पुढचा असेल. साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब वृद्धाला केंद्राच्या पेन्शनमधून आजही महिन्याला २०० रुपये मिळतात. राज्य आपली भर घालतं म्हणून निभतं.

दुसरा प्रश्न मतदारसंघांचा. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१च्या जनगणनेवर गोठवलेली आहे. २०२७च्या जनगणनेनंतर ती नव्याने करायची ठरली, तर ज्यांनी वेळेत पाळणा लांबवला त्या राज्यांचा वाटा घटू शकतो. दक्षिणेतल्या राज्यांची अस्वस्थता यातूनच आलीय. १९९४ पासून दोन अपत्यांची अट पाळणाऱ्या आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये ती रद्द केली आणि तिथले मुख्यमंत्री जास्त मुलं जन्माला घाला म्हणू लागले. तेही मला मान्य नाही. काल बाईच्या कुशीवर बंदी, आज तिच्याकडून मागणी, हे सारखंच चूक आहे.

महाराष्ट्रात अजूनही वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी बावीस जणींचं लग्न अठराच्या आधी झालेलं असतं. ऊसतोडीला जाताना मुलीला मागे एकटं ठेवायची भीती, वसतिगृह नाही, गावात आठवीपुढे शाळा नाही, एसटी नाही. पाळणा उशिरा हलावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी हंगामी वसतिगृहं आणि मुलींची बारावीपर्यंतची शाळा मागावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात तांबी, ‘अंतरा’चं इंजेक्शन आणि ‘छाया’च्या गोळ्या ही गर्भनिरोधकं बाराही महिने असावीत, आणि पुरुषांच्या बिनटाक्याच्या नसबंदीबद्दल आशाताईंसोबत आरोग्यसेवकानेही पुरुषांशी बोलावं. आंध्राने काढलं तसं, आपल्या ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद कायद्यांतलं दोन अपत्यांचं कलमही विधिमंडळाने येत्या अधिवेशनात काढून टाकावं.