‘प्लायवूडनं झॉम्बी थांबतात होय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘पहारवाले’,

झॉम्बी, म्हणजे सिनेमातली चालती-फिरती मढी, चाल करून आले तर घर आतून कसं पक्कं करायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच खरमरीत आहे आणि तपशीलवारही आहे, त्यामुळे ‘वाचल्याबद्दल आभार’ म्हणून सुटका करून घेत नाही. इतरांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. खिडक्यांना १८ मिमी प्लायवूड सुचवणं हा पोरखेळ आहे, तिथं लोखंडी पत्राच वेल्ड करायला हवा. हातोडी-खिळे असताना मी स्क्रू आणि ड्रिलवर उगाच पाल्हाळ लावलं. आणि ‘एक वाट मोकळी ठेवा’ म्हणजे आपल्याच तटबंदीला आपण पाडलेलं भगदाड. शिवाय जाता जाता, मोठ्या माणसानं असल्या विषयावर लिहावं का, हा टोला.

टोल्याचं आधी उरकतो. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं मे २०११ मध्ये झॉम्बींचं निमित्त करून आपत्तीच्या तयारीवर लेख टाकला होता आणि वाचणाऱ्यांची अशी झुंबड उडाली की साइट कोलमडली. वादळाला जी सामग्री लागते तीच इथंही लागते. तेव्हा मी बरा आहे, काळजी नसावी.

आता पत्रा. ३ मिमीचा पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो, १८ मिमीचं प्लाय त्याच्या निम्म्याच्या आसपास. एवढं धूड खिडकीला लावून धरणार कोण आणि वेल्डिंग करणार कोण? वीज असेपर्यंत ठीक, ती गेली की मशीन म्हणजे अडगळ. त्यातून ठिणग्या पडद्यावर उडाल्या तर झॉम्बी यायच्या आधीच घर रिकामं करावं लागेल.

पण माझा खरा मुद्दा वजनाचा नाही. झॉम्बी करवत चालवत नाही, कुलूप उघडत नाही, तो रेटतो. एकटा असेल तर फारसं काही नाही, मागून रांग लागली की चित्र बदलतं. गर्दीच्या दुर्घटनांनंतर वाकलेले पोलादी कठडे तपासले, तेव्हा तिथं ४,५०० न्यूटनहून जास्त बल लागलं असणार असं दिसलं. म्हणजे साडेचारशे किलोंचं ओझं, तेही आडवं. मीटरभर रुंद खिडकीवर चारही कडांना नीट बसवलेलं १८ मिमी प्लाय एवढ्यानं वाकेल, करकरेल, पण सहसा मोडणार नाही. आधी सुटेल ती पकड. आणि तुमचा पत्रा त्याच कुजक्या चौकटीला लावलात तर तोही चौकटीसकट आत येईल.

म्हणून पहिला प्रश्न ‘कशाचं’ हा नाही, ‘कुठल्या बाजूनं’ हा आहे. फळी बाहेरून लावली आणि ती चौकटीपेक्षा चारही बाजूंनी काही बोटं मोठी असली, तर बाहेरचा रेटा तिला भिंतीवरच दाबतो. स्क्रूंना जवळपास कामच उरत नाही. तीच फळी आतून लावली की प्रत्येक धक्का स्क्रू उपटायला बघतो. वादळाच्या प्रदेशात फळ्या बाहेरून ठोकतात ते उगाच नाही. बाहेर जायची सोय उरली नसेल तर आतून फळीवर आडवे वासे टाका, आणि त्यांची टोकं भिंतीत अँकर फास्टनरनं (भिंतीतल्या भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टनं) धरा.

इथंच खिळ्यांचं उत्तर येतं. आडव्या कापणाऱ्या जोराला खिळा फार चिवट असतो, वाकतो पण तुटत नाही. सरळ ओढलं की मात्र मुकाट्यानं बाहेर येतो. स्क्रूचे आटे लाकूड धरून ठेवतात. फक्त ते काळे, जिप्सम बोर्डाचे स्क्रू घेऊ नका. कडक असतात, बाजूनं ताण आला की डोकं कटकन उडतं. लाकडाचे जाड, ७५ मिमी स्क्रू घ्या. आधी स्क्रूच्या गाभ्याहून किंचित बारीक भोक पाडा, नाहीतर फळीच्या टोकाला चीर जाते. आट्यांवर कोरडा साबण घासा, हातानं पिळतानाही सरसर जातो. ड्रिल हाताचंही चालेल. आणि हातोडीचा ठणठणाट किती लांब जातो याचा विचार तुम्ही केलाच असेल.

दाराचंही तसंच. आत उघडणारं दार लाथेनं उघडतं तेव्हा बहुधा दाराची फळी शाबूत असते. कुलपाची जीभ ज्या पट्टीत शिरते ती पट्टी उखडते, कारण तिचे स्क्रू जेमतेम बोटाच्या पेराएवढे असतात. ते काढून लांब स्क्रू घाला, चौकटीतून पार मागच्या भिंतीपर्यंत जाणारे. त्यावर अडसर. कपाट सरकवून ठेवणं हे निव्वळ मनाचं समाधान, गुळगुळीत फरशीवर ते दारासोबतच सरकतं. त्यापेक्षा बोळ अरुंद असेल तर समोरच्या भिंतीपर्यंत वासा टेकवा आणि पाचर मारून घट्ट करा.

आता भगदाड. बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी आग लागली आणि ४९२ माणसं गेली. मुख्य फिरतं दार गर्दीनं अडकलं. इतर दारांपैकी काही कुलूपबंद होती, काही आत उघडणारी. माणसं त्यांच्यावरच रेटली गेल्यामुळे ती उघडता येईनात. जी रेटारेटी बाहेरून फळी भिंतीवर दाबून आपल्याला वाचवते, तीच आतून अशी जीव घेते. तुम्ही म्हणता तसं प्रत्येक भोक वेल्ड केलंत आणि आत मेणबत्ती कलंडली, तर पुढं काय?

आगही सोडा. सगळं हवाबंद करून आत कोळशाची शेगडी किंवा जनरेटर चालवला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग ना वास. माणूस झोपेतच जातो.

मी वाट ‘उघडी’ ठेवा असं म्हटलेलंच नव्हतं. वरच्या मजल्यावरची एक खिडकी, आतून अवजारांशिवाय काढता येईल अशा अडसरानं बंद केलेली, आणि आत ओढून घेतलेली शिडी. अंधारात, चाचपडत, घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला तो अडसर काढता यायला हवा. येत नसेल तर तो बदला.

राहिली तुमची शेवटची सूचना, काचांवर चिकटपट्टीची फुली मारण्याची. तिनं काच मजबूत होत नाही, उलट फुटली की मोठमोठे धारदार तुकडे पट्टीला लोंबकळतात. पट्टी वाचवा, शिडीच्या पायऱ्यांना गुंडाळायला उपयोगी पडेल.