पुस्तक कपाटात, आणि संगणक म्हणतो ‘नोंद नाही’

संताप येतो तो याचा! रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी वाचनालयांत कवितासंग्रह कपाटात धूळ खात उभे असतात. लांज्याहून, कणकवलीहून एसटीने आलेल्या विद्यार्थ्याला संगणक मात्र ‘नोंद सापडली नाही’ असं सांगून मोकळा होतो. मार्गदर्शक विषय देतात, पण शोधायला शब्द कोणते टाकायचे हे कुणीही शिकवत नाही.

पावसावरच्या कविता हव्यात म्हणून ‘पावसावरच्या कविता’ असं अख्खं टाकू नका, यंत्र नेमकं तेच रूप शोधत बसतं. शब्दाच्या शेवटी * ही खूण लावून ‘पुढे कोणतीही अक्षरं चालतील’ असं सांगायची सोय असेल तर ‘पाऊस*’ टाकूनही भागत नाही, कारण प्रत्यय लागला की ‘पावसा’ होतं. मग ‘पावस*’ टाकावं, तर रत्नागिरीजवळच्या पावसच्या स्वामी स्वरूपानंदांवरची पुस्तकं पुढ्यात येऊन पडतात. तिथे पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई पद्धतीचा मराठी कवितेचा क्रमांक ८९१.४६१ जोडा, गाळ आपोआप खाली बसेल. ‘वर्षा’ आणि ‘मेघ’ वेगळे शोधा. ‘कोकण’ शोधलंत तर ‘कोंकण’ही शोधा, जुन्या पुस्तकांवर अनुस्वार असतो.

नावांचा घोळ तर चीड आणणारा आहे. वेंगुर्ल्याच्या मातीतल्या चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कविता ‘आरती प्रभू’ या टोपणनावाखाली, कादंबऱ्या आणि नाटकं ‘खानोलकर’ खाली, आणि दोन्ही नोंदींना जोडणारं ‘पाहा’ कुठेच नाही! त्यात कुणी ‘प्रभु’ ऱ्हस्व लिहितो, कुणी दीर्घ. यंत्राला ती दोन माणसं वाटतात. ‘चिं.त्र्यं.खानोलकर’ असं जागा न सोडता चिकटवून भरलं असेल, तर काही ठिकाणी आडनावानेही नोंद लागत नाही. म्हणून टोपणनाव आणि नुसतं आडनाव, दोन्ही स्वतंत्रपणे, ऱ्हस्व-दीर्घ बदलून टाका. नुसतं ‘जोगवा’ टाकलंत तर देवीची गाणी अंगावर येतील. शीर्षकात ‘जोगवा’ आणि लेखकात ‘प्रभू’ भरा, म्हणजे १९५९ चा संग्रह मिळेल.

कवितेची ओळ टाकून तर काहीच मिळत नाही. नोंद पुस्तकाची असते, आतल्या कवितांची बहुधा नसते. ती ओळ समग्र कवितांच्या शेवटी प्रथम ओळींची सूची असेल तर तिथे पाहावी.

आणि नोंदी भरणाऱ्यांनो, टोपणनावाला एक ‘पाहा’ जोडायला किती वेळ लागतो? आधी तेवढं करा, मग नवीन संगणक मागा.