पोट दिसतं म्हणून नवरा जात नाही

या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरींच्या मोबाइलवर एकच मेसेज फिरत होता. लेकरं झाल्यावर बाई अंगाने सुटली, नटायचं सोडलं, की नवरा बाहेर बघतो. जिला आपल्या रूपाचा भरवसा आला, ती हाताबाहेर जाते. आणि २०१८ साली कोर्टाने व्यभिचाराचं कलम काढल्यापासून बायकांना धाकच राहिला नाही.

मी अमळनेरला वीस वर्षं ब्लाउज शिवते. माप घेताना बाई जे बोलते ते सासूपाशी बोलत नाही, म्हणून मला गप्प बसवत नाही.

त्या मेसेजातली पहिली दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. अंग चोरलं तरी तिचाच दोष, खुलली तरी तिचाच. नवऱ्याने शेण खाल्लं तरी हिशेब बायकोच्या कमरेचा! बाहेर जाणारा आपल्या पायाने जातो.

रूपाचा भरवसा आला की बाई वाकडं पाऊल टाकते, हे तर मला मुळीच पटत नाही. २०११ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात ४१२ बायका होत्या. त्यातल्या १९.२ टक्के बायकांनी चालू नात्यात फसवल्याचं सांगितलं. त्यांच्यात काय जास्त दिसलं? नात्यात सुख नसणं, शरीरसुखाबद्दल दोघांचे विचार न जुळणं, आणि ऐन वेळी आपल्याला जमेल की नाही ही धास्ती. धास्ती म्हणजे भरवसा नव्हे. पुरुषांतही ही धास्ती तशीच दिसली. ती माणसं तिकडची, आपली नव्हेत, हे मान्य. पण इथे टेप हातात घेऊन मी जे ऐकते ते याहून वेगळं नाही.

दुसऱ्या सिझरनंतर एक जण आली. टेप पोटाशी नेताच तिने श्वास आत ओढून धरला. "पोट दिसस वं ताई," म्हणाली. जुना ब्लाउज उलटून पाहिला, तर आतली माया, म्हणजे शिवणीत राखून ठेवलेलं जादा कापड, तिने स्वतःच सगळी उसवून घेतलेली, टाके ओढून ओढून कापड विरलेलं. नवरा काही बोलला का, विचारलं. "तो नाही बोलत. मीच त्याले लाइट लावू देत नाही." जवळ आल्यावरही तिचं ध्यान त्याच्याकडे नसतं, आपलं पोट कसं दिसत असेल याकडे असतं. मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधकांनी १९७० सालीच लिहून ठेवलंय, की माणूस अशा वेळी स्वतःकडेच परक्यासारखा बघत बसला की शरीर साथ देत नाही. मग नवऱ्याला वाटतं, हिला मी नको. ती गप्प, तोही गप्प. असले मेसेज हेच अंतर वाढवतात, आणि वर नवरा जाईल ही भीतीही तेच घालतात.

आता ते व्यभिचाराचं कलम, म्हणजे भारतीय दंड संहितेचं कलम ४९७. १८६० च्या त्या कायद्यात बायकोला शिक्षा कधी नव्हतीच. शिक्षा व्हायची ती दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला, तीही तिच्या नवऱ्याची संमती नसेल तरच. नवरा बाहेर गेला तर बायकोला या कलमाखाली तक्रार करता येत नव्हती. म्हणजे बाई नवऱ्याची मालमत्ता. सुप्रीम कोर्टाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते रद्द केलं. व्यभिचारावरून घटस्फोट आजही मागता येतो, नवऱ्यालाही आणि बायकोलाही.

तिच्या नव्या ब्लाउजला मी दोन्ही बाजूंनी इंच इंच माया सोडली आहे. परवा न्यायला येईल, तेव्हा तो मेसेज तिच्यासमोरच वाचून हे सगळं सांगणार आहे.