रेफरी व्हा, सुरगाण्याला जा

घरात रविवारी सकाळी तुमचं कोणी ऐकत नसेल, तर फुटबॉलचे रेफरी व्हा. मैदानावरही कोणी ऐकत नाही, पण तिथे निदान शिट्टी मिळते.

तयारी फार नाही. नियम एकूण 17. पाठ व्हायला महिना लागतो, विसरायला एक सामना पुरतो. महाराष्ट्रात फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या संघटनेचं नाव वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. नाव ऐकून वाटतं, गुजरातसुद्धा आपल्याच शिट्टीखाली आला. तसं नाही, त्यांची संघटना वेगळी. हे आत्ताच डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे. मग धावण्याची चाचणी. वरच्या पातळीच्या रेफरींकडून 75 मीटर धाव आणि 25 मीटर चाल असं 40 वेळा करून घेतात. गावपातळीवर एकदाच धावावं लागतं, फक्त तेव्हा मोटरसायकलचं तोंड रस्त्याकडे असलं पाहिजे. लावतानाच तशी लावा.

सामान: दोन शिट्ट्या, दोन घड्याळं, नाणं, वही, पेन्सिल आणि कार्डं. कार्डांची कल्पना केन अ‍ॅस्टन या इंग्रज रेफरीला लंडनमध्ये सिग्नलला थांबलेला असताना सुचली. 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं पहिल्यांदा आली आणि त्या अख्ख्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघालं नाही. हा गृहस्थ आमच्या द्वारका सर्कलला कधी थांबला नव्हता, हे उघड आहे. नाशिकमध्ये पिवळा दिवा दिसला की गाडी जोरात काढायची असते. खेळाडू तरी वेगळं काय करणार?

सराव शहरात, दहा वर्षांखालच्या पोरांवर करा. पोरं शहाणी असतात. त्यांचे पप्पा मात्र रेषेवर मोबाइल धरून उभे असतात आणि घरी जाऊन तुमचा निर्णय सहा वेळा बघतात. वर्षभर हे सोसलंत की तुम्ही सुरगाण्याला, म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या गुजरात सीमेवरच्या तालुक्याला, जायच्या लायकीचे झालात.

फोन आदल्या रात्री येतो. "सर, उद्या फायनल आहे, बोरगावपासून पाचच मिनिटं." ही पाच मिनिटं घड्याळातली नसतात. दिंडोरी, वणी, बोरगाव. मग स्ट्रॉबेरीचे स्टॉल सुरू होतात. मग फोनवर गुजरातीत मेसेज यायला लागतात आणि तुम्हाला वाटतं चुकलो. चुकलेले नसता, टॉवर पलीकडचा असतो. जाताना टाकी भरू नका. पलीकडे पेट्रोल स्वस्त मिळतं. पलीकडचे लोक काय घ्यायला अलीकडे येतात ते विचारू नका, तिकडे दारूबंदी आहे.

मैदान म्हणजे कापणी झालेलं भातखाचर. लांबी 90 ते 120 मीटर असावी असं पुस्तक म्हणतं. इथे ती बांधापासून बांधापर्यंत असते. पहाटे कोणीतरी फक्की मारलेली असते, आणि टचलाइन मोहाच्या झाडापाशी आली की अदबीनं वळसा घेते. टेप काढू नका. टेप काढणारा रेफरी शहरातून आलेला दिसतो, आणि तुम्ही तर आधीच दिसताय. मी पहिल्या वर्षी टेप काढली होती. दुसरं टोक धरायला एक आजोबा आले आणि त्यांनी ते कौतुकानं शेवटपर्यंत सोडलंच नाही. सामना वीस मिनिटं उशिरा सुरू झाला.

टचलाइनच्या खाली उतार, उताराच्या तळाशी ओहोळ आणि ओहोळापलीकडे गुजरात. दर पाच मिनिटांनी चेंडू तिकडे जातो आणि एखादं उघडं पोर दुसऱ्या राज्यात जाऊन तो परत आणतं. त्याबद्दल जादा वेळ किती धरायचा, हे पुस्तकात नाही. मी चेंडूमागे अर्धा मिनिट धरतो, भिजून आला तर पाऊण.

चेंडू आख्खाच्या आख्खा रेषेपलीकडे गेल्याशिवाय बाहेर धरत नाहीत, हा नववा नियम. इथल्या माणसांनाही तोच लावून पाहा. रेशनकार्ड अलीकडे, मजुरी पलीकडे, एक लेक दिलेली अलीकडे, एक पलीकडे. 2022 साली सुरगाण्यातल्या काही गावांनी आम्हाला गुजरातेत घाला म्हणून मागणी केली, तेव्हा नाशिकला खडबडून जाग आली. म्हणजे बाहेर कोणीच गेलेलं नाही, सगळे रेषेवर.

दोन्ही संघांची बोली एक. स्ट्रायकर आणि त्याला लाथा घालणारा बॅक मामेभाऊ निघतात. इकडच्या कप्तानाचा साडू तिकडचा गोलकीपर. संध्याकाळी एकाच लग्नाला जायचं असतं. एवढ्या गोतावळ्यात परका माणूस एकच, काळ्या कपड्यांतला, नाशिकहून आलेला. आयोजक मुद्दाम लांबचा रेफरी का बोलावतात, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. मामाला शिव्या कोण देणार?

तर फायनल. 1-1, दोन मिनिटं बाकी. पलीकडच्या संघाचा थ्रो-इन. चेंडू गुजरातेतून ओला होऊन आला, पोरानं तो चड्डीला पुसला आणि लांब फेकला. त्यांचा एक किडकिडीत गडी सगळ्यांच्या पुढे एकटाच उभा. त्यानं चेंडू पायावर घेतला आणि कोपऱ्यात सरकवला. गोल.

थ्रो-इनवरून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या पुढे उभं राहून चेंडू घेण्याची चूक, नसतो. अकराव्या नियमात स्पष्ट लिहिलंय, आणि ते मला झोपेत विचारा. पण अख्खा बांध ओरडला, "ऑफसाइड!" माइकवरचा म्हणाला, "तर मित्रांनो, हा स्पष्ट ऑफसाइड झालेला आहे." लाइनमननं, म्हणजे आयोजकांच्या मेहुण्यानं, झेंडा वर केला. अशा वेळी लोकशाहीवर विश्वास ठेवावा. मी शिट्टी मारली, हात वर केला. पुढे पेनल्टीवर यजमान जिंकले. शाल, नारळ आणि पाकीट देऊन माझा सत्कार झाला. भाषणात "निःपक्षपाती" हा शब्द तीनदा आला.

निघताना टाकी रिकामी होती, म्हणून सीमा ओलांडून पंपावर गेलो. शाल कॅरिअरला बांधलेली, नारळ पिशवीत. पाइप घेऊन आला तो मुलगा पोटरीपर्यंत वाळलेल्या चिखलानं माखलेला होता.

"झिरो बघा, सर."

मी झिरो बघितला. मग त्याच्याकडे बघितलं. तोच किडकिडीत गडी.

"सर, थ्रो-इनवर ऑफसाइड असतो?"

"आमच्याकडे असतो," मी म्हणालो. "गुजरातचे नियम वेगळे असतील."

त्यानं टाकीचं झाकण उघडलं.

"पण गोल तर महाराष्ट्रात होता, सर. कितीचं टाकू?"