फसवले गेले कोण?

ऑनलाइन खेळणाऱ्या आमच्या जुन्या क्लॅनच्या, म्हणजे गटाच्या, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर गेल्या पंधरवड्यात जो वाद झाला, त्याने मला दोन रात्री स्वस्थ झोपू दिले नाही. प्रसंग तसा छोटा होता. दुसऱ्या एका क्लॅनशी ठरवून खेळलेल्या सामन्यात आमच्यातल्या एका मुलाने माउसमध्ये भरलेला मॅक्रो, म्हणजे ठरलेल्या कृती आपोआप करणारी सूचनावली, वापरला. सलग गोळीबार करताना बंदुकीची नळी वर उसळते आणि खेळाडूला ती हाताने खाली खेचून धरावी लागते. हे रिकॉइल आवरण्याचे काम त्याच्या वतीने माउस करत होता. ही गोष्ट उघड झाल्यावर आमच्या म्होरक्याने त्याला काढून टाकले आणि एका वाक्यात निकाल दिला की, यंत्र खेळले की ती फसवणूक. त्यावर दुसऱ्या बाजूनेही तितक्याच ठाम आवाजात उत्तरे आली : माउस माझा आहे, त्यात काय भरायचे ते मी ठरवीन, सगळेच वापरतात, खाते बॅन झालेले नाही, म्हणजे चालते. एकाने तर ऑगस्ट २०२५मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयीच्या कायद्याचा दाखला देऊन, मॅक्रो आता गुन्हाच झाला आहे, असे जाहीर करून टाकले.

तसे झालेले नाही. त्या कायद्याने ई-स्पोर्टची व्याख्या केली आहे आणि अशा खेळाचा निकाल शारीरिक चपळाई, बुद्धीची तत्परता, डावपेच यांसारख्या खेळाडूच्या कौशल्यांवरच ठरला पाहिजे, असे तीत म्हटले आहे. ती व्याख्या आहे, मॅक्रोवाल्याला शिक्षा सांगणारे कलम नव्हे. तरीही मला ती महत्त्वाची वाटते, कारण वादातल्या दोन्ही बाजू जिथे पाहतच नाहीत तिथे ती बोट ठेवते. एक बाजू यंत्राकडे पाहते, दुसरी मालकीकडे. आपण नेमकी कशाची परीक्षा देत होतो आणि समोरच्याला आपण काय गृहीत धरू दिले, हे कोणीच विचारत नाही.

मी नऊ वर्षे सोलमध्ये राहतो. इथे या प्रश्नाला कायद्याचे रूप आलेले आहे आणि ते कोणाला विचित्र वाटत नाही. कंपनीची मान्यता नसलेली आणि खेळ बिघडवणारी प्रोग्रॅम लोकांना पुरवणे हा इथे गुन्हा आहे. दुसऱ्याच्या खात्यावर बसून, पैसे घेऊन त्याची श्रेणी चढवून देण्याचा धंदा जून २०१९पासून दंडनीय झाला असून, त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी वोनपर्यंत दंड होऊ शकतो. याच शहरात सकाळी मेट्रोच्या दोन नंबरच्या लाइनवर उभे राहिले की शेजारच्या माणसाच्या फोनवर त्याचा योद्धा आपोआप लढताना दिसतो. माणूस बातम्या वाचत असतो किंवा डोळे मिटून असतो. डिसेंबर २०१६मध्ये आलेल्या ‘लिनेज २ : रेव्होल्यूशन’ने आणि जून २०१७च्या ‘लिनेज एम’ने ही आपोआप शिकार खेळातच बसवून दिली. जे काम बाहेरच्या बॉटने, म्हणजे आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रॅमने, केले असते तर खाते गेले असते, तेच काम खेळ स्वतः करून देतो आणि ते सर्वांना सारखेच मिळते. मी हे आमच्या गटावर लिहिले, तेव्हा ‘कोरियाचे कौतुक पुरे’ असे उत्तर आले. ते कौतुक नव्हते, उदाहरण होते. यंत्र तेच, काम तेच, आणि तरीही एका ठिकाणी फसवणूक होते, दुसऱ्या ठिकाणी होत नाही. मग फसवणूक यंत्रात नसणार, हे समजायला इतका वेळ का लागावा?

स्टारक्राफ्ट या युद्धाच्या डावपेचांच्या खेळाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. (त्या खेळाच्या मंडळींत ‘मॅक्रो’ म्हणजे अर्थव्यवस्था सांभाळणे, उत्पादन आणि विस्तार चालू ठेवणे; हा शब्द तिथे अभिमानाचा आहे.) १९९८च्या मूळ खेळात एका वेळी बाराच तुकड्या निवडता येत, आणि नव्याने तयार झालेल्या प्रत्येक कामगाराला खाणीवर हाताने धाडावे लागे. २०१०च्या दुसऱ्या आवृत्तीत निवडीची ती मर्यादा गेली आणि कामगार आपोआप खाणीकडे वळू लागले. जुन्या खेळाडूंची तक्रार होती की, ज्या कष्टांमुळे चांगला खेळाडू वेगळा दिसत असे तेच कष्ट यंत्राकडे गेले. तक्रार खरी होती, पण ती फसवणुकीची नव्हती. परीक्षेचा अभ्यासक्रम बदलला होता आणि तो दोन्ही खेळाडूंना ठाऊक होता. डीपमाइंड कंपनीच्या अल्फास्टार या संगणकी खेळाडूने व्यावसायिक खेळाडूंना हरवल्याचे २०१९च्या जानेवारीत जाहीर झाले, तेव्हा आक्षेप हाच निघाला की, ऐन लढाईत त्याचा क्लिक करण्याचा वेग कोणत्याही मानवी हाताला न झेपणारा होता. पुढच्या आवृत्तीत त्याच्यावर दर पाच सेकंदांत २२ वेगळ्या कृतींचे बंधन घातले गेले. म्हणजे जो प्रतिस्पर्धी नखशिखांत यंत्रच आहे, त्याच्याशीसुद्धा न्याय्य सामना कशाला म्हणायचे हे ठरवता येते. त्यासाठी कशाची तुलना करायची आहे ते आधी बोलावे लागते, एवढेच.

आमच्या क्लॅनमधल्या त्या मुलाच्या बाबतीत हा हिशेब अवघड नाही. नेमबाजीच्या खेळात रिकॉइल आवरणे हीच परीक्षा असते. प्रत्येक बंदुकीची उसळी ओळखणे, ती मनगटात मुरवणे, त्यासाठी सरावाच्या मैदानात भिंतीवर गोळ्या झाडत तासन् तास घालवणे, यालाच तिथे कौशल्य म्हणतात. ते काम माउसने केले तर खेळाडूने उत्तरपत्रिका दुसऱ्याकडून लिहून घेतली, असेच म्हणावे लागेल. ऑगस्ट २०२४मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने काउंटर-स्ट्राइक २ या आपल्या नेमबाजीच्या खेळात याच कारणासाठी रेषा ओढली. धावताना नेम लागत नाही, म्हणून डावीकडे जाणारा खेळाडू उजवीकडचे बटण क्षणभर दाबून थांबतो आणि मग गोळी झाडतो. एक बोट उचलणे आणि दुसरे टेकवणे यांतला मेळ वर्षानुवर्षे घोटावा लागतो. रेझर कंपनीच्या कीबोर्डांतल्या ‘स्नॅप टॅप’सारख्या सोयीमुळे पहिले बटण सुटलेले नसले तरी कीबोर्ड शेवटचे बटणच खरे मानतो आणि तो मेळ आपोआप जमतो. अधिकृत सर्व्हरवर असे करणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढले जाईल, असे कंपनीने सांगितले. तो कीबोर्डही पैसे मोजूनच घेतलेला असतो आणि त्याच्या खोक्यावर ती सोय उघड छापलेली असते. ‘माउस माझा आहे’ म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

पण म्होरक्याच्या वाक्याशीही मी सहमत नाही आणि तिथे माझा आवाज जास्त चढला, हे मान्य करतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात मॅक्रो लिहिण्याची खिडकी खेळातच दिलेली आहे. बंधन एवढेच की एकदा बटण दाबल्यावर एकामागून एक वार आपोआप होत राहू नयेत. एका कळीचे दाबणे एकाच वेळी अनेक खात्यांना पोहोचवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मात्र तिथे नोव्हेंबर २०२०मध्ये बंदी आली. अनेक खाती चालवण्याला मनाई नव्हती, मनाई एका बोटाला दहा हात फुटण्याला होती. ‘फायनल फँटसी १२’ने २००६मध्ये सोबत्यांना आधीच नियम लिहून देण्याची गॅम्बिट पद्धत आणली, आणि तिथे ते नियम लिहिणे हाच खेळ झाला. आपोआप चालणारे कारखाने उभारण्याच्या ‘फॅक्टोरिओ’त जो हाताने काम करत राहतो त्याला खेळ समजलाच नाही, असे म्हणतात. कमीत कमी वेळात खेळ संपवण्याची शर्यत लावणाऱ्या स्पीडरनवाल्यांनी तर यंत्राच्या साहाय्याने एकेक फ्रेम रचून केलेल्या खेळाला ‘टास’ असे वेगळे नाव दिले आणि वेगळी यादी केली. तो विक्रम कोणी हाताने केलेला म्हणून सांगत नाही, आणि त्यातली कल्पकता पाहायला लोक आवडीने बसतात.

ज्यांचे हात साथ देत नाहीत, त्यांचे काय, हा प्रश्न मी गटावर विचारला आणि त्याला उत्तर आले नाही. एखादे बटण वेगाने वीस वेळा दाबण्याऐवजी धरून ठेवण्याची मुभा आज कितीतरी खेळांच्या सेटिंगमध्येच असते. मायक्रोसॉफ्टने २०१८मध्ये आणि सोनीने २०२३मध्ये अपंग खेळाडूंसाठी खास कंट्रोलर काढले. कित्येक जणांसाठी मॅक्रो ही खेळात शिरण्याची एकमेव वाट असते, आणि ‘यंत्र खेळले की फसवणूक’ हे वाक्य त्यांना दारातच अडवते. इतके कठोर वाक्य बोलण्याआधी त्याखाली कोण कोण येते ते पाहायला हवे होते.

इथवर मी मला जे बरोबर वाटते ते लिहिले. आता जे मला बोचते आहे ते. ऑक्टोबर २०१८मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया या भारतीय संघाचा एक खेळाडू चालू सामन्यात नेम धरून देणारे प्रोग्रॅम वापरताना सापडला. त्या फाइलला वर्ड डॉट ईएक्सई असे नाव दिलेले होते आणि पुढे त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली. दुसऱ्या दिवशी इथल्या एका सहकाऱ्याने मला त्याविषयी विचारले. त्याच्या विचारण्यात कुत्सितपणा नव्हता, तरी मी लगेच त्याला २०१०मधले इथले स्टारक्राफ्टचे निकाल विकण्याचे प्रकरण ऐकवले. तो गप्प झाला, आणि मला जिंकल्यासारखे वाटले. आमच्या गटावर मात्र मी कोरियाचा कायदा सांगतो, कोरियाची शिस्त सांगतो, आणि हे प्रकरण सांगत नाही. इथे असताना मी तिकडचा वकील असतो, तिकडे बोलताना इथला. दोन्हीकडे मी सोयीचे तेवढेच पुरावे मांडतो, हे मला या पंधरवड्यात स्वच्छ दिसले.

आणि दुसरी गोष्ट, जी मी कुणालाही सांगितलेली नाही. इथे आलो त्या पहिल्या वर्षी आम्ही सगळे एक एमएमओ, म्हणजे असंख्य जण एकत्र खेळतात तसा ऑनलाइन खेळ, खेळत होतो. क्लॅनची वेळ तिकडच्या रात्री नऊची, म्हणजे इथल्या साडेबाराची, आणि रेड, म्हणजे सर्वांनी मिळून करायची मोहीम, संपायला साडेतीन होत. सुरुवातीचे काही महिने मी जागलो, नंतर नोकरीमुळे ते जमेना. महिनाभर न दिसणाऱ्याचे नाव क्लॅनच्या यादीतून काढायचे असा नियम होता आणि तो नियम करताना मीही हात वर केला होता. मी एक मॅक्रो लिहिला. दर चार मिनिटांनी तो उडी मारण्याचे बटण दाबायचा, त्यामुळे खेळ मला बाहेर काढत नसे आणि रात्रभर माझे नाव यादीत उजळलेले राहत असे. त्यातून मला सोने मिळाले नाही, अनुभवाचे गुण मिळाले नाहीत. कोणी हरले नाही. माझी सगळी मोजमापे लावली, तर ती फसवणूक ठरत नाही, असे मी स्वतःला बरीच वर्षे सांगत आलो.

एका सकाळी उठून पाहिले तर म्होरक्याचे खासगी निरोप आलेले होते. रात्री सव्वा दोनला त्याने अकरा ओळी लिहिल्या होत्या. क्लॅन चालवण्याचा त्याला कंटाळा आला होता, घरचेही काही बिनसले होते, आणि सूत्रे मी घेईन का, असे त्याने विचारले होते. त्यातली एक ओळ मला पाठ आहे : ‘दिसतोयस, म्हणून लिहितोय.’ वीस मिनिटांनी एक ओळ होती : ‘बरं, राहू दे.’ त्या वीस मिनिटांत माझ्या पात्राने त्याच्यासमोर पाच वेळा उडी मारली असेल. मी उत्तर लिहिले की, कामाचा कॉल चालू होता. त्याने पुन्हा तो विषय काढला नाही आणि क्लॅन आजही तोच चालवतो.

समोरच्याला आपण काय गृहीत धरू दिले, हा प्रश्न मी दोन आठवडे सगळ्यांना विचारत होतो. तो स्वतःला विचारल्यावर मला आमच्या मुलाच्या प्रकरणातली एक साधी गोष्ट दिसली. त्याला काढले, त्यावर शेकडो निरोप लिहिले, क्लॅनच्या अब्रूची चर्चा झाली. पण ज्यांच्याविरुद्ध तो मॅक्रो चालला त्या दुसऱ्या क्लॅनला कोणीही कळवले नाही. आपण सरळ सामन्यात हरलो, असेच ते पाच जण अजून समजतात. त्यातला एखादा रोज सरावाच्या मैदानात भिंतीवर गोळ्या झाडत, आपले मनगट कुठे कमी पडले ते शोधत बसलेला असेल. फसवले गेले ते हे लोक, आणि आमच्या वादात त्यांचा उल्लेखही नव्हता.

काल रात्री मी गटावर दोन गोष्टी लिहिल्या : त्या क्लॅनला आजच्या आज कळवून सामना त्यांच्या नावे करावा, आणि त्या मुलाला काढण्याआधी त्याचे म्हणणे ऐकायला हवे होते, ते निदान आता ऐकावे. मग म्होरक्याला वेगळा निरोप लिहून त्या वर्षीच्या उड्यांची हकिकत सांगितली. कॉल नव्हता, मी झोपलो होतो, आणि तुला दिसत होते ते यंत्र होते, असे स्पष्ट लिहिले. त्याला चौदा तास झाले. उत्तर आलेले नाही. त्याच्या नावाशेजारचा ठिपका मात्र सकाळपासून हिरवा आहे.