गाडीचा रंग मशीन खातं की माती?

‘ऑटोमॅटिक मशीनमध्ये गाडी धुतली की ब्रश रंग खरवडतात. त्यापेक्षा घरी बादली-फडकं घ्या आणि रोज पुसा. बिनब्रशचं मशीन मिळालं तर बिनधास्त जा. सिरॅमिक कोटिंग असेल तर कशानेही धुवा. आणि उन्हाळ्यात गाडी शक्यतो धुऊच नका.’ अशा अर्थाचा संदेश नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सारखा फिरत असतो. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तो पटतो. पण तो जसाच्या तसा पाळला तर गाडीचं जास्त नुकसान होतं, आणि चांगल्या गाड्या अशा फिकट पडताना बघून मला खरंच वाईट वाटतं.

आधी ब्रशचं बघू. आजच्या गाड्यांना पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा पातळ. काळ्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात, त्या बहुतेक याच थरात असतात. खालचा रंग शाबूत असतो, फक्त चकाकी जाते.

ही रेघ पाडायला क्लिअर कोटपेक्षा कठीण काहीतरी लागतं. मऊ फोमच्या अंगात तेवढी ताकद नाही. त्याच्याखाली अडकलेल्या वाळूच्या कणात आहे. वाळूतला क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोहस मापावर ७ ला बसतो, साध्या लोखंडी खिळ्याहून कठीण. आणि आपल्या शहरात त्याला तोटा नाही: सिमेंट रस्त्यांची, उड्डाणपुलांची कामं, गिट्टी-वाळूचे टिप्पर. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांची राख आहेच, तिच्यातही सिलिका असते.

जुन्या मशीनचे ताठ नायलॉनचे ब्रश खरोखर वाईट होते, बदनामी तिथूनच सुरू झाली. नव्या मशीनमध्ये बहुतेक ठिकाणी मऊ फोमच्या किंवा कापडाच्या पट्ट्या असतात. तरी धोका संपत नाही. तुमच्या आधी शेतातून आलेली, काळ्या मातीने माखलेली गाडी त्याच पट्ट्यांखालून गेली असेल आणि पट्ट्या नीट धुतल्या जात नसतील, तर ती माती तुमच्या दारावर घासली जाणार. म्हणून मशीनचं नाव विचारू नका. पट्टी फिरण्याआधी प्रेशरच्या पाण्याने गाडीवरची धूळ-माती उतरवतात का आणि पट्ट्या कशा साफ करतात, हे विचारा. धड उत्तर मिळालं नाही तर गाडी बाहेर काढा. मॅट फिनिशची गाडी मात्र कुठल्याच ब्रशखाली घालू नका. तिच्यावर पडलेली रेघ पॉलिशने काढता येत नाही, पॉलिश केलं की तेवढा भाग चमकायला लागतो.

आता ‘रोज पुसा’. संदेशातला हा सगळ्यात घातक सल्ला आहे, आणि नागपुरात तो आधीच घरोघरी पाळला जातो. सकाळी सोसायटीत गाड्या पुसणारे दादा येतात. एक बादली, एक फडकं आणि रांगेने उभ्या गाड्या. तिसऱ्या-चौथ्या गाडीपर्यंत पाणी मातकट झालेलं असतं. काही ठिकाणी तर कोरड्या फडक्यानेच धूळ झटकतात, म्हणजे रात्रभर बसलेली वाळू क्लिअर कोटवर दाबून फिरवतात. मशीनमध्ये गाडी महिन्यातून एक-दोनदा जाते, इथे हे रोज चालतं. दोष त्या दादांचा नाही. तेवढ्या पैशात आणि तेवढ्या पाण्यात आपणच ते काम मागतो. त्यांना आपल्या गाडीसाठी वेगळी दोन मायक्रोफायबर फडकी द्या. रोज काचा आणि आरसे पुसायला सांगा, बाकी गाडी आठवड्यातून एकदा भरपूर पाणी मारून धुवा. साबणाची बादली वेगळी, फडकं खळबळायची वेगळी.

बिनब्रशच्या मशीनबद्दलही बेफिकीर राहू नये. हात न लावता मळ काढायचा तर रसायन जहाल लागतं. असा शाम्पू बहुधा जास्त अल्कलीचा असतो आणि मेणाचा थर लवकर उतरवतो. शिवाय मळाचा पातळ चिकट थर बऱ्याचदा तसाच राहतो, मग घरी येऊन माणूस तोच कोरड्या फडक्याने घासतो. गिट्टी लागून टवका उडालेला असेल किंवा डेंटिंग-पेंटिंग नुकतंच झालं असेल, तर जवळून मारलेला प्रेशर तिथला रंग सोलून काढू शकतो.

सिरॅमिक कोटिंगचं थोडक्यात: क्लिअर कोटवर वरून लावलेला हा संरक्षक थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. पाणी आणि मळ त्यावरून लवकर घसरतो, धुणं सोपं होतं. वाळूने पडणाऱ्या रेघा तो थांबवत नाही.

राहिला उन्हाळा. मे महिन्यात ४५ अंशांत उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेववत नाही, आणि बोअरचं जड पाणी त्यावर क्षणात वाळून क्षारांचे पांढरे डाग सोडतं. तेव्हा भर दुपारी धुऊ नका हे बरोबर. पण धुऊच नका? कबुतराची विष्ठा आम्लधर्मी असते, आणि तापलेल्या क्लिअर कोटमध्ये ती एक-दोन दिवसांतही खोल डाग पाडू शकते. समृद्धीवरून रात्री आलात की बंपरवर किड्यांचा जो थर बसतो, त्याचंही तेच. असा डाग दिसला की ओलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवा, मऊ झाला की न घासता उचला. बाकी गाडी सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर, सावलीत धुवा आणि पाणी वाळायच्या आत टिपून घ्या.